आरशासमोर पास झालेली हाफ पँट: सायकलवाल्यांसाठी कपडे बनवताना माझे १६ हजार कसे गेले



"सर, तुम्ही नेहमी मार्जिन सांगता, तोटा कधीच सांगत नाही," ही तक्रार माझ्याकडे बऱ्याच वेळा येते. बरोबर आहे. तर आज तोट्यापासूनच सुरुवात करू. व्हिडिओत जे बसलं नाही ते सगळं इथे लिहितोय, आकड्यांसकट. प्रॉडक्ट एकदम साधं आहे: सायकल चालवणाऱ्यांसाठी सैल हाफ पँट. अंगाला चिकटणारी लायक्राची चड्डी नव्हे. साधी दिसणारी, खिसे असलेली, गुडघ्यापर्यंत येणारी. कंपन्या तिला बॅगी शॉर्ट्स म्हणतात. आपल्याकडे गिऱ्हाईक काउंटरवर येऊन "सायकलवर चालेल असा बर्मुडा आहे का?" असं विचारतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माझं नाशिकला सिडकोत कपड्यांचं दुकान आहे. दुकान बाबांनी उभं केलं, मी बीबीए करून त्यात आलो. बीबीएत मला सेगमेंटेशन शिकवलं, ब्रँडिंग शिकवलं, ब्रेक-इव्हन काढायला शिकवलं. पँट शिवून झाल्यावर तिच्यात बसून बघायची असते, हे मात्र कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

ही पँट लागते कुणाला?

आधी गिऱ्हाईक समजून घ्या. नाशिकला सायकलचं वेड जुनं आहे. २०१५ साली इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही जवळपास ४८०० किलोमीटरची शर्यत टीम म्हणून पूर्ण केली. त्यानंतर शहरात ज्याला त्याला सायकल घ्यावीशी वाटायला लागली. लॉकडाऊननंतर तर विचारूच नका. चाळिशी ओलांडलेली, डॉक्टरने "शुगर वाढलीय, काहीतरी हालचाल करा" म्हणून सांगितलेली मंडळी गिअरची सायकल घेऊन सकाळी गंगापूर रोडला दिसायला लागली.

या मंडळींनी सुरुवातीला लायक्रा घेतली. रस्त्यावरच्या लांब राइडला ती उत्तमच आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण राइड संपल्यावर माणूस चहाच्या टपरीवर उभा राहतो, येताना दूध घेतो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटतात. तिथे ती चड्डी नकोशी होते. ३० किलोमीटर मारून त्र्यंबकला गेलात आणि दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं म्हटलं तर आणखीच संकोच. एका गिऱ्हाइकाने मला सरळ सांगितलं, "सायकल चालवायला लाज वाटत नाही हो, सायकलवरून उतरायला वाटते."

दुसरं गिऱ्हाईक रोज कामाला सायकलने जाणारं. सातपूर, अंबड एमआयडीसीत असे बरेच आहेत. यात दोन जाती आहेत. एक काळ्या सायकलवरून वर्षानुवर्षं शिफ्टला जाणारा कामगार. तो फुल पँट घालतो, पायाला क्लिप लावतो आणि आपल्याकडून १३०० रुपयांची हाफ पँट कधीही घेणार नाही. त्याला टार्गेट करायच्या भानगडीत पडू नका. दुसरा म्हणजे सुपरवायझर, इंजिनिअर, बँकेतला माणूस, ज्याने हौसेने सायकलने जायला सुरुवात केली आहे. बहुतेक ऑफिसांत हाफ पँट चालत नाही, म्हणजे तो तिथे जाऊन कपडे बदलणार. पण गेटवरच्या वॉचमनपासून बाथरूमपर्यंत चालत जाताना अंगावर काहीतरी बरं हवं असतं. तेवढ्या दोन मिनिटांसाठी तो पैसे मोजतो. खोटं वाटेल, पण असंच आहे.

आणि तिसरा, जो हल्ली वाढतोय, ग्रॅव्हलवाला. ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूम हो. डांबरी सोडून कच्च्या रस्त्याने जायचं: कॅनॉलच्या कडेचे रस्ते, अंजनेरीच्या पायथ्याचे, धरणाच्या मागच्या बाजूचे. सायकलचं हँडल रेसिंगसारखंच खाली वळलेलं, पण टायर जाड, ३५ ते ४५ मिलिमीटरचे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात २००६ साली २०० मैलांची अशी शर्यत सुरू झाली, तिला आज अनबाउंड ग्रॅव्हल म्हणतात, आणि तिकडे हा एक वेगळा प्रकारच होऊन बसला. ग्रॅव्हलवाले लोक जरा मोकळे असतात. मिनिटा-सेकंदाचा हिशेब कमी, वाटेत थांबून मिसळ खाण्याकडे ओढा जास्त. त्यांना सैल पँट आवडते, कारण झुडपांनी पाय ओरखडत नाही, खिशात मोबाइल मावतो आणि गावात शिरल्यावर पोरं हसत नाहीत.

पहिला लॉट

२०२२ च्या फेब्रुवारीत मला हे सगळं दिसत होतं आणि मी खूश होतो. बाहेरच्या ब्रँडची अशी पँट महाग, बाजारातला बर्मुडा ३५० चा. मध्ये मोठी पोकळी. बीबीएच्या भाषेत गॅप! मी एक ब्रँडेड पँट विकत आणली, कटिंग मास्टरला दिली, म्हटलं यासारखं काढा, फक्त स्वस्तात बसवा. त्याने पॅटर्न काढला. मी सॅम्पल घातलं, आरशासमोर उभा राहिलो, वळून पाहिलं, फोटो काढले. झकास. १५० नग टाकले. सॅम्पलिंग धरून ७२ हजार खर्च आला.

हे पैसे कुठले होते ते आता सांगतो. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये आम्ही रेनकोटचा माल भरतो. शाळेच्या पोरांचे रेनकोट हा आमच्या दुकानाचा जूनचा धंदा. त्यासाठी बाबांनी ८० हजार बाजूला ठेवले होते. मी म्हटलं, बाबा, मेच्या शेवटपर्यंत मी हे फिरवून परत देतो. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटाची किल्ली दिली.

सायकलच्या ग्रुपमध्ये ओळखी होत्या, ९९९ भाव ठेवला, तीन आठवड्यांत ६४ पँटी गेल्या. मी तर दुसऱ्या लॉटचं कापड बघायला लागलो होतो. मग एक दिवस अंबडला रोज ११ किलोमीटर सायकलने जाणारे एक गिऱ्हाईक आले. बोलले काहीच नाहीत. पिशवीतून पँट काढली, उलटी केली आणि काउंटरवर पसरली. जांघेत जिथे चारही शिलाया एकत्र येतात तिथे कापडाला गोळे आले होते आणि दोरा तुटून एक बोटभर भोक पडलं होतं. म्हणाले, "मांडीला जखम झालीय मला. तुम्ही ही घालून कधी सायकलवर बसलात का?"

मी बसलो नव्हतो. खरं सांगतो, एकदाही नाही. मी उभा राहिलो होतो.

पुढच्या महिन्याभरात ४१ पँटी परत आल्या. सगळ्यांचे पैसे परत दिले. काही जणांनी नको म्हटलं तरी दिले, कारण सायकलवाल्यांचा ग्रुप म्हणजे एक गाव असतं, सकाळी सहाला बोललेलं आठपर्यंत सगळीकडे पोचतं. न विकलेल्या ८६ पैकी ४ नग उसवून दुरुस्त करता येतात का ते बघितलं. नाही येत. या कापडावर सुईची जुनी भोकं तशीच दिसतात. उरलेल्या ८२ मी दुकानाबाहेर हँगरवर लावल्या, "मॉर्निंग वॉक बर्मुडा, ३९९". चालायला जाणाऱ्यांनी त्या आनंदाने घेतल्या, आणि चालायला त्या खरोखर चांगल्या होत्या. हिशेब करा: ग्राहकांकडे राहिलेल्या २३ पँटींचे २२,९७७ आणि या ८२ चे ३२,७१८. एकूण ५५,६९५ आले, ७२ हजार गेले. टॅक्स, कुरिअर, पेट्रोल सोडूनही १६ हजारांचा खड्डा. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा आमच्या दुकानात पोरांचे रेनकोट अवघे १८ होते. बाया यायच्या, विचारायच्या, समोरच्या दुकानात जायच्या. बाबा गल्ल्यावर बसून ते बघत होते. तो जून मला आजही आठवतो.

पायजम्याची अक्कल

चूक काय होती ती नीट समजून घ्या, कारण यातच या प्रॉडक्टचा जीव आहे.

साध्या पँटीला पुढची-मागची शिलाई आणि दोन्ही पायांची आतली शिलाई जांघेत एका बिंदूवर येऊन भेटते. तिथे चार थर कापड, दोरे, ओव्हरलॉकचे काठ, सगळा गठ्ठा होतो. उभं राहिलात, चाललात, तर तो गठ्ठा हवेत असतो. सायकलच्या सीटवर बसलात की सगळं वजन नेमकं त्याच्यावर, आणि वर तासाला हजारो वेळा पाय फिरणार. कातडी सोलणार नाही तर काय होईल? माझ्या मास्टरने ब्रँडेड पँटीतला जांघेतला वेगळा तुकडा बघितला होता, पण तो "फालतू खर्च" म्हणून काढून टाकला, कारण मीच म्हटलं होतं स्वस्तात बसवा. त्याची चूक नाही.

तोडगा सांगितला आमच्या शिलाईवाल्या ताईंनी. त्यांच्याकडे चार मशीन आहेत, शाळेचे युनिफॉर्म शिवतात. मी रडगाणं गात होतो, त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, माझे सासरे पायजमे शिवायचे. मांडी घालून बसायला त्रास नको म्हणून जांघेत चौकोनी तुकडा टाकायचे. तुमची माणसं तर दिवसभर तंगड्या फाकूनच बसणार. तुकडा का नाही टाकला?"

याच तुकड्याला कंपन्या गसेट म्हणतात आणि कॅटलॉगमध्ये मोठा फोटो छापतात. आपल्या पायजम्यात तो कधीचा आहे. तुकडा टाकला की शिलाया मधल्या बिंदूपासून दूर, मांडीच्या बाजूला सरकतात आणि सीटवर एकसंध कापड येतं. आम्ही आता लांबट, होडीच्या आकाराचा तुकडा टाकतो, आणि त्याची शिलाई फ्लॅटलॉक मशीनवर मारतो म्हणजे आतून बोटाला काठ लागत नाही. फ्लॅटलॉक ताईंकडे नव्हतं, तेवढं काम दुसरीकडून करून आणतो. नगामागे खर्च वाढला ११ रुपये. ज्या ११ रुपयांसाठी मी ७२ हजार घातले!

बॅगी म्हणजे पोतं नव्हे

दुसरी गोष्ट पॅटर्नची. "सैल" या शब्दाला भुलू नका. पाय फार घेरदार ठेवला तर चढावर उभं राहून पेडल मारून पुन्हा बसताना कापड सीटच्या नाकात अडकतं. मुरमाच्या उतारावर हे झालं तर माणूस पडतो. म्हणून मांडीला मोकळी, खाली किंचित निमुळती. आमच्या एम साइझला खालचा घेर २० इंच आहे, बाजारातल्या बर्मुड्याला याहून बराच जास्त असतो. ताण कापडाने द्यायचा, घेराने नाही.

कंबर मागून उंच हवी. माणूस हँडलवर वाकला की मागची कंबर खाली सरकते आणि मागून येणाऱ्याला नको ते दर्शन होतं. आम्ही मागची उंची नेहमीपेक्षा दीड इंच जास्त ठेवतो. पुढून मात्र कमी, नाहीतर पोटात कापड गोळा होतं. पूर्ण नाडीवाला नेफा केला तर ती ऑफिसच्या गेटवर बर्मुडाच दिसते. बेल्ट लावला तर वाकल्यावर बक्कल पोटात रुततं. म्हणून पुढून सपाट पट्टी आणि बटण, मागून इलॅस्टिक. आतल्या बाजूने लांबी ११ इंच. उभं राहिल्यावर गुडघा झाकतो, पेडल मारताना मोकळा राहतो.

खिसे! यावर मी तासभर बोलू शकतो. मागचे खिसे काढून टाका. सीटवर त्यांची शिलाई घासते, आणि बटण असलं तर सीट फाडते. पुढच्या तिरक्या खिशात मोबाइल ठेवला की प्रत्येक पेडलला तो जांघेत टोचतो. जागा एकच: मांडीच्या बाहेरच्या अंगाला, जरा मागे, चेन असलेला खिसा. तिथे मोबाइल पायाबरोबर फिरतो, उडत नाही. खिशाचं अस्तर जाळीचं, म्हणजे पाणी साचत नाही. खिशांच्या टोकांना बारटॅक मारल्याशिवाय माल उचलू नका. रिफ्लेक्टिव्ह पट्टी आम्ही पायाच्या आतल्या दुमडीवर लावतो. संध्याकाळी एक दुमड वर केली की चमकते, ऑफिसात दिसत नाही. ही आयडिया माझी नाही, बाहेरच्या कंपन्या कधीपासून करतात.

कापड: सुरतेला जाण्याआधी हे वाचा

कॉटन नको. घाम पितं, जड होतं, ओलं कापड मांडीला घासतं. पॉलिस्टर लवकर वाळतं, स्वस्त पडतं, पण वास धरून ठेवतं आणि घासाला नायलॉनइतकं टिकत नाही. आम्ही नायलॉनमध्ये स्पॅन्डेक्स असलेलं फोर-वे स्ट्रेच कापड वापरतो, १६० जीएसएमच्या आसपास. १३० च्या खाली गेलात तर आतलं दिसतं, २०० च्या वर गेलात तर नाशिकच्या एप्रिलमध्ये माणूस शिजतो.

सुरतेच्या मार्केटमध्ये "एनएस लायक्रा" मागितलं की दहा दुकानदार दहा कापडं दाखवतील आणि दहाही नायलॉन असल्याची शपथ घेतील. एकाने मला पॉलिस्टर दिलं होतं. तेव्हापासून मी काडेपेटी घेऊन जातो. चार दोरे काढून जाळायचे: पॉलिस्टर जळताना काळा, काजळीचा धूर सोडतं आणि मागे काळा कडक मणी राहतो, नायलॉनचा धूर फिकट, मणीही फिकट. पक्कं हवं असेल तर लॅबमधून टेस्ट करून घ्या, पण मार्केटमध्ये उभ्या उभ्या एवढं पुरतं. मग ताण बघायचा. पट्टीवर १० सेंटिमीटरची खूण करा, १२ पर्यंत ओढून सोडा, मिनिटभराने मोजा. परत १० वर आलं तर घ्या. साडेदहावर थांबलं तर ती पँट महिन्यात गुडघ्याला फुगणार. आणि घरी आणून विटेच्या कडेवर १०० वेळा घासा. माझी बायको म्हणते, तू कापड आणतोस की पायपुसणं. घासा तरीही.

रंगाचं एक सांगतो. मी पहिल्यांदा काळा आणि निळा केला, सगळे करतात म्हणून. मुरमाची लाल धूळ काळ्यावर जी उठून दिसते! आता खाकी, ऑलिव्ह आणि एक तांबूस तपकिरी रंग, ज्याला आम्ही दुकानात "मुरूम" म्हणतो. तोच सगळ्यात आधी संपतो.

पॅडचं काय?

सैल पँटीत गादी कुठे, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. गादी, म्हणजे पॅड, आतल्या घट्ट चड्डीला असतं. ती वेगळी मिळते. पूर्वी हे पॅड शॅमॉय नावाच्या डोंगरी बकरीच्या कातड्याचं असायचं, म्हणून परदेशी कंपन्या आजही त्याला शॅमॉयच म्हणतात, आता ते फोमचं असतं. पॅड अंगाला चिकटूनच हवं, हललं की जखम. म्हणून ते सैल पँटीला शिवून टाकू नका. वेगळं ठेवा. ऑफिसपर्यंत आठ-दहा किलोमीटर जाणाऱ्याला ते लागतही नाही, धुवायला-वाळवायला सोपं पडतं, आणि तुमच्या दृष्टीने दोन बिलं होतात.

यातली एक गोष्ट गिऱ्हाईक काउंटरवर कुजबुजत विचारतं, तुम्ही मोठ्याने सांगून टाका: पॅडच्या चड्डीच्या आत अंडरवेअर घालायची नाही. घातली तर तिच्या शिलाया टोचणार, मग पॅडला शिव्या आणि माल परत. हो, आणि आतली चड्डी परत घेतली जाणार नाही हे बिलावर आधीच छापा.

दहा माणसं, सहा आठवडे

दुसऱ्या लॉटच्या आधी मी दहा नग शिवले आणि दहा जणांना दिले. फुकट नाही, ५०० रुपये घेऊन. फुकट दिलेल्या वस्तूचं फक्त कौतुक ऐकायला मिळतं. पैसे घेतले की माणूस तक्रार करतो, आणि आपल्याला तक्रारच हवी असते. अट एकच: दर रविवारी पँट उलटी करून जांघेतल्या शिलाईचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. माझ्या फोनची गॅलरी सहा आठवडे बघण्यासारखी नव्हती. पण त्यातून कळलं की दोघांचा मोबाइल खिशातून पडला (चेन उलट्या दिशेने बंद होत होती, वरून खाली), एका जाड गृहस्थाच्या मांडीला खालची शिवण काचत होती, आणि मीही तिसऱ्या आठवड्यापासून रोज सायकलने दुकानात यायला लागलो.

साइझही तिथेच कळले. पहिल्या लॉटमध्ये मी एस, एम, एल, एक्सएल असे १:२:२:१ कापले होते, पुस्तकात असतं तसं. पण माझं गिऱ्हाईक कोण? डॉक्टरने सायकलवर बसवलेला पंचेचाळिशीचा माणूस. त्याची कंबर ३६ ते ४० आहे. एस पडून राहिले, एक्सएल आठवड्यात संपले. आता एस मी ८० नगांत पाच कापतो, आणि डबल एक्सएलला स्वतंत्र पॅटर्न आहे.

आता पैसे

आजच्या भावाने एका नगाचं सांगतो. कापड ०.९ मीटर, २२० रुपयांनी १९८. खिशाची जाळी १४, दोन चेन २४, इलॅस्टिक-बटण-दोरा-रिफ्लेक्टिव्ह पट्टी २७. कटिंग १२, शिलाई फ्लॅटलॉकसकट ९५, बारटॅक, धागे कापणं आणि इस्त्री १८. लेबल, टॅग, पिशवी १६. झाले ४०४. रिजेक्शनचे १६ आणि वाहतुकीचे १० धरले की ४३०. हे ८० नगांच्या लॉटचं गणित आहे. ३० नग टाकलेत तर शिलाईवाला जास्त मागणार आणि कापडाचं कटिंग वाया जाणार, ५०० च्या पुढे जाल.

विक्री १२९९, जीएसटी धरून. इथे एक महत्त्वाचा बदल लक्षात घ्या. पूर्वी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ टक्के होता, म्हणून मी दुसरा लॉटही नाइलाजाने ९९९ ला विकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आहे, त्यावर १८. म्हणजे १२९९ मधले १२३७ आपले, ६२ सरकारचे. बारा टक्क्यांत आपल्याकडे ११६० राहिले असते. नगामागे ७७ रुपयांचा फरक पडला, आणि या किमतीच्या मालात हा फरक मोठा आहे.

ऑनलाइन विकलं तर १२३७ मधून कुरिअर ९०, पेमेंट गेटवे २६, बॉक्स १२, जाहिरात १८० आणि साइझ बदलून देण्याच्या खर्चापोटी ६० काढा. ८६९ राहिले, त्यातून ४३० गेले, हातात ४३९. सायकलच्या दुकानाला ३० टक्के मार्जिनने माल दिला तर तो ३९० ठेवतो, आपल्याला ९०९ येतात, टॅक्स जाऊन ८६६, खर्च जाऊन ४३६. बघा, जवळपास तेवढेच! पण दुकानात गिऱ्हाईक घालून बघतं, साइझची परतफेड होत नाही, रात्री बारापर्यंत मेसेजला उत्तरं द्यावी लागत नाहीत. म्हणून मी सायकलच्या दुकानाला आधी माल देतो. फक्त उधारी १५ दिवसांच्या वर जाऊ देऊ नका. आणि दुकानदाराला सांगा, ट्रायल रूम नसेल तर नसू दे, पण एक सायकल स्टँडवर लावून ठेव. गिऱ्हाईक पँट घालून त्या सायकलवर बसलं की आपण बोलायची गरज उरत नाही.

नावाचं पुन्हा एकदा. पहिल्या लॉटच्या टॅगवर मी इंग्रजीत लांबलचक काहीतरी छापलं होतं. कुणालाच कळलं नाही. आता टॅगवर आणि ऑनलाइन लिस्टिंगमध्ये "सायकलिंग बर्मुडा" हे शब्द आहेत, कारण माणूस तेच बोलतो आणि तेच टाइप करतो.

कागदपत्रांचं पटकन. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, कुणी पैसे मागितले तर उठून या. मालाची उलाढाल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण राज्याबाहेर एक जरी नग पाठवणार असाल तर लागते. ब्रँडचं नाव ठेवलंत तर ट्रेडमार्क क्लास २५ मध्ये टाका, एकट्या माणसाला ऑनलाइन फी ४५०० आहे. पाकिटावर एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, साइझ, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर छापा.

आणि लॉट कधी टाकायचा? माझ्यासारखा एप्रिलमध्ये नाही. ऑगस्टमध्ये कापड, सप्टेंबरमध्ये शिलाई, पाऊस ओसरला की ऑक्टोबरात माल दुकानात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे सायकलवाल्यांचे महिने. शिवाय या पैशाचा रेनकोटच्या पैशाशी संबंध येत नाही. ती किल्ली तशीही आता बाबांच्याच खिशात असते. हँगरवरच्या त्या ८२ पैकी एक बर्मुडा बाबांकडेही आहे, पैसे देऊन घेतलेला. रोज सकाळी तो घालून चालायला जातात.

बायकांच्या पँटीबद्दल खूप जणींनी विचारलंय. पुरुषांचा पॅटर्न छोटा करून ते होत नाही, हे एका सॅम्पलमध्येच कळलं: कंबरेला सैल, नितंबाला घट्ट, आणि गसेट चुकीच्या जागी. सध्या तिसरं सॅम्पल चौघीजणींकडे आहे, ५०० रुपये घेऊनच दिलंय. चार आठवडे झालेत, दोन बाकी आहेत. खिसा अजून मोठा हवा, असं चौघीही म्हणतायत.